बोटांची परीक्षा

युफॉला, अलाबामा
१४ जानेवारी २०१९

रेनिता,

तुझं पत्र शनिवारी आलं. विजेचं बिल आणि गादीच्या दुकानाची जाहिरात यांच्या मधे होतं. पाकिटावर तुझं अक्षर दिसल्यावर मी आधी बिल उघडलं, मग जाहिरात वाचली, मग भांडी घासली. मग तुझं पत्र उघडलं.

अभिनंदन. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण आता लिहिलंय ते खोडत बसत नाही. एप्रिलची अखेर म्हणजे तशी सवड आहे. पाय वर ठेवून बसत जा.

आता बाकीच्या पत्राबद्दल. तुझे डॅडी गेले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षांच्या वर, तू माझा फोन उचलला नाहीस. आणि आता लिहितेस की बाळंतपणाला मला बोलवायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, आधी मी एक परीक्षा द्यायची. कम्प्युटरवर. काळ्या-गोऱ्यांबद्दल माणसाच्या मनात त्याच्याही नकळत काय भरलंय ते म्हणे ही परीक्षा बोटांवरून ओळखते. निकाल येईल तो जसाच्या तसा लिहून कळवायचा. फोनवर नाही, कारण 'फोनवर तू विषय बदलतेस, ममा.'

अडुसष्टाव्या वर्षी पोटच्या पोरीने आईची परीक्षा घ्यायची. तू शिक्षिका झालीस तेव्हा मीच चर्चभर सांगत फिरले होते, आता भोगते.

आपल्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण आलं की आई बॅग भरते आणि निघते. बोलावण्याची वाट कोणी बघत नाही. तुझ्या वेळी माझी आई मोबीलहून बसने आली, दारात मला बाजूला सारून आत शिरली आणि दीड महिना माझ्या स्वयंपाकघरात मलाच पाऊल टाकू दिलं नाही. तिला परीक्षा द्यायला सांगायची कोणाची छाती झाली असती, सांग बरं.

आणि त्या ताटाचा विषय तू पुन्हा काढलास. काढ. डॅडींना पुरून आल्यावर चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जेवण होतं, सगळे होते. त्या जेवणात विधवेने खुर्चीतून उठायचं नसतं, तिला बाकीच्यांनी वाढायचं असतं, हे मला तू शिकवायला नको. मी उठले. पहिलं ताट मी स्वतः वाढलं आणि दाराशी उभ्या असलेल्या कर्टच्या हातात नेऊन दिलं. तू त्याला पहिल्यांदाच घरी आणलं होतंस. विस्कॉन्सिनहून इतक्या लांब आलेला पाहुणा, एवढ्या माणसांत एकटा गोरा, अवघडून उभा होता. पाहुण्याला आधी वाढलं यात काय आकाश कोसळलं? तुझे क्लिओफस काका डॅडींचे सख्खे भाऊ, मान्य, पण त्यांना हॉल माहीत आहे, वाढणारे हात माहीत आहेत, ते घेतात आपलं आपण. तू तिथेच म्हणालीस, "डॅडी अजून मातीत नीट बसले नाहीत आणि तू गोऱ्या माणसाची सरबराई करतेस." आणि निघून गेलीस. जेवलीसुद्धा नाहीस.

मी परीक्षा देणार नाही. बाळाला स्वेटर विणायला घेते.

तुझी ममा

ता.क. पत्राच्या शेवटी तू जे लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. तुझ्या शाळेतली ती मैत्रीण बाळंतपणानंतर दुखतंय, दुखतंय म्हणत राहिली आणि सगळे तिला शांत हो म्हणत राहिले, आणि ती गेली. 'कर्ट भला आहे, त्याला सगळे डॉक्टर भलेच वाटतात. त्या खोलीत मला असं माणूस हवंय जे आधी माझं खरं मानेल. ते माणूस तू आहेस का, मला खरंच माहीत नाही, ममा.' हे वाचून वाईट वाटायला हवं. डॅडी गेल्यापासून मला पटकन काही वाटत नाही. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात ना, तसं सगळं आहे. चावलं तरी कळत नाही.


२ फेब्रुवारी

रेनिता,

गेले होते मी वाचनालयात. तू सांगितलंस म्हणून नाही, पुस्तक परत करायचं होतं म्हणून.

तिथे मिस अडेअर म्हणून एक बाई असतात. गोऱ्या, बारीक, गळ्यात साखळीचा चष्मा. त्यांना म्हटलं, माझ्या लेकीने एक परीक्षा पाठवलीय, ती कुठे द्यायची. तू पत्रासोबत पाठवलेली परीक्षेची चिठ्ठी त्यांनी वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. मला म्हणाल्या, "मिसेस टॉलिव्हर, तुम्हाला खरंच ही द्यायचीय?" मी म्हटलं, माझ्या लेकीला विचारा. त्यांनी मला कोपऱ्यातला कम्प्युटर दिला, खुर्ची पुसून दिली आणि मग उगाचच लांबच्या कपाटाशी पुस्तकं लावत बसल्या.

सुरुवातीलाच विचारतात, तुम्हाला कोण जास्त आवडतं, काळे की गोरे? मी लिहिलं, दोन्ही सारखेच. मग सांगतात की जो निकाल येईल तो तुम्हाला पटेलच असं नाही, तरी पुढे जायचंय का? हे वाचून मला हसू आलं. लग्नाआधीही हे विचारायला हवं.

मग खेळ सुरू. एक बोट डावीकडच्या बटणावर, एक उजवीकडच्या. मधे चेहरे येतात. आख्खे नाहीत, कपाळ आणि हनुवटी कापून टाकलेली, नुसते डोळे आणि नाक. मधेच शब्द येतात. 'प्रेम', 'आनंद', आणि मग 'भयंकर', 'दुष्ट' असले. आधी सांगतात, गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला तर एक बटण, काळा चेहरा किंवा वाईट शब्द आला तर दुसरं. जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. चुकलं की लाल फुली. मग थोड्या वेळाने उलटं करतात. आता काळा चेहरा आणि चांगला शब्द एका बटणाला, गोरा चेहरा आणि वाईट शब्द दुसऱ्याला.

आयुष्यभर शाळेच्या भटारखान्यात मी रांगेतल्या पोरांना वाढलं. हाताला वेग आहे माझ्या, तुला माहीत आहे. सोपं होतं.

निकाल यायच्या वेळी नेमकी कम्प्युटरची वेळ संपली आणि पडदा बंद झाला. रांगेत दुसरं कोणी होतं. तेव्हा कळलं नाही काय ते. पुन्हा कधीतरी बघू.

स्वेटर पिवळा घेतलाय. मुलगा की मुलगी ते तू सांगत नाहीस म्हणून.

ममा


२३ फेब्रुवारी

रेनिता,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. 'ममा, निकाल.'

पडदा बंद झाला नव्हता. रांगेतही कोणी नव्हतं, वाचनालयात त्या दिवशी मी, मिस अडेअर आणि हीटरजवळ झोपलेला एक म्हातारा, एवढेच होतो.

निकाल असा आला: काळ्यांपेक्षा गोऱ्यांकडे माझा आपसूक ओढा आहे, आणि तो तीव्र आहे. थोडा नाही, मध्यम नाही, तीव्र. त्याच्या वर त्यांच्याकडे काही नाही.

मी ते वाचलं आणि वाटलं की बोटं चुकली असतील. खरं सांगायचं तर, बटणं उलटी केली तेव्हाच मला कळलं होतं. काळा चेहरा आणि 'आनंद' एका बाजूला ठेवायचे, एवढंच काम. आणि माझं बोट हलेना. डोळे आपल्याच माणसाचे होते, क्लिओफससारखे, आणि बोट दुसरीकडेच पळायचं. लाल फुली, पुन्हा लाल फुली. मी दात आवळून, प्रत्येक चेहऱ्याला थांबून, तोंडाने पुटपुटत बटण दाबत होते. आणि त्याच्या आधी गोऱ्या चेहऱ्यांना चांगल्या शब्दांशी जोडताना कशी सरसर चालले होते. आपण हुशार आहोत असंसुद्धा वाटलं होतं मला.

मिस अडेअर पाणी घेऊन आल्या. त्यांनी पडदा बघितला असावा. म्हणाल्या की पुष्कळ काळ्या माणसांचा असाच निकाल येतो, आणि गोऱ्यांचा तर बहुतेकांचा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, "थँक यू, मॅम, किती छान आहात तुम्ही." हे माझ्या तोंडून इतक्या पटकन गेलं की मीच त्यांच्याकडे बघत राहिले.

घरी येऊन तुझा पदवीचा फोटो आहे ना टीव्हीच्या वर, त्याच्यासमोर बसले. म्हटलं, आता रडू येईल. आलं नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात घर करून बसली. तू जन्मलीस तेव्हा नर्सने तुला माझ्यापुढे धरलं. तू तुझ्या डॅडींच्या रंगाची, काळीभोर, डोळे घट्ट मिटलेले. चांगला शब्द सुचायला मला तेव्हा वेळ लागला होता का? मला आठवत नाही. रेनिता, मी खूप आठवून बघितलं.

दिला निकाल. तुला हवा होता तो हाच असेल, तर तू जिंकलीस. मला बोलावू नकोस, मी समजून घेईन. स्वेटर पोस्टाने पाठवते.

ममा


११ मार्च

रेनिता,

तुझं काही आलं नाही. येणार नाही असं धरून लिहिते. हे मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही, मला माझ्यापुरता हिशेब लावून पाहायचाय.

मी सहा-सात वर्षांची असताना आई मला मिसेस थॉर्नबरींच्या घरी कामाला जाताना बरोबर न्यायची. मागच्या पडवीत बसायचं, शेंगा सोलायच्या. आईचा एकच नियम होता. बाईसाहेबांची पावलं वाजली की त्या दारात यायच्या आत माझ्या तोंडावर हसू आणि जिभेवर चांगला शब्द तयार पाहिजे. आल्यावर शोधायचा नाही. आल्यावर शोधलास तर उशीर झाला. आई घरी माझी तालीम घ्यायची. ती स्वतः दारात यायची, मी म्हणायचं, "गुड मॉर्निंग, मॅम, आज किती छान दिसता." उशीर झाला की कानाखाली. एकदा त्या पडवीत खरंच उशीर झाला माझ्याकडून, आणि आईचं काम गेलं. तेव्हा आईने मारलं नाही. ती नुसती चालत राहिली, मी मागे मागे.

म्हणजे बघ, माझ्या बोटांची शिकवणी किती जुनी आहे. गोरा चेहरा दिसला की चांगला शब्द काढ, लवकर काढ, आधी काढ. साठ वर्षं हेच केलं. शाळेच्या भटारखान्यात गोरे मुख्याध्यापक दारात आले की बाकीच्या बायका मला म्हणायच्या, "व्हर्नेल, तू बोल, तुला जमतं." मला जमायचंच. आणि आता एक यंत्र येतं आणि म्हणतं, तुझा ओढा तिकडे आहे.

ओढा. त्या यंत्राला माया कुठली आणि भीती कुठली ते कळत नाही. त्याला फक्त एवढं कळतं की बोट लवकर हललं. पण मी तुझ्यापाशी बढाई मारत नाही, मलाही आता फरक कळतो का, हे मी विचारत असते. भीती इतकी जुनी झाली की ती अंगात कुठे आहे हेच सापडत नाही. मला मिस अडेअर खरंच आवडतात.

त्या ताटाचं. पाहुणा वगैरे सगळं मी नंतर जुळवलं. मला उठल्याचंच आठवत नाही, रेनिता. मी खुर्चीत होते, डॅडींची टोपी मांडीवर होती, चर्चमधली सिस्टर बर्निस माझ्यासाठी ताट वाढत होती. दाराशी एक गोरा माणूस नाराज दिसला. पुढचं आठवतं ते एकदम ताट त्याच्या हातात आणि तू समोर. तो नाराजही नव्हता, बिचारा रडत होता.

आणि तुझ्याशी मी कडक वागले ते याच्याच दुसऱ्या बाजूने. दुकानात हात खिशात घालू नकोस, आवाज चढवू नकोस, उलट बोलू नकोस, गोऱ्यांनी एकदा नाही म्हटलं की पुरे. तुझ्यावर मी विश्वास ठेवत नव्हते असं तुला वाटायचं. मला फक्त तू संध्याकाळी घरी परत यायला हवी होतीस. हे तेव्हा सांगायला हवं होतं.

कर्टला सांग, त्याने त्या दिवशी ताटातलं सगळं संपवलं होतं. मी बघितलं होतं. भेंडी सुद्धा.

ममा


२९ मार्च

रेनिता,

काल तुझा फोन आला तेव्हा मी विषय बदलला, कारण तू रडत होतीस. तू फोनवर बोललीस ते मी इथे एकदा लिहून काढते, म्हणजे मला ते नीट ऐकल्यासारखं होईल.

तुमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना ही परीक्षा द्यायला लावली, तेव्हा तूही दिलीस. तुझाही निकाल माझ्यासारखाच आला. तीव्र. तू कोणाला सांगितलं नाहीस, कर्टलाही नाही. तू म्हणालीस, "मला वाटलं होतं, मी अलाबामातून निघाले म्हणजे सुटले. ममा, मला चौथा महिना होता. माझ्या पोटात काळं मूल आहे आणि माझी बोटं असं म्हणतात."

तर ती परीक्षा तू मला शिक्षा म्हणून पाठवली नव्हतीस. एकटीने तो निकाल घेऊन बसवत नव्हतं, म्हणून पाठवलीस. हे आधी का नाही सांगितलंस असं विचारणार होते, पण आपल्या घरात कोण कोणाला काय आधी सांगतं.

तू म्हणालीस ये. मी येते. विसाव्या तारखेला क्लिओफस मला माँटगोमेरीला विमानावर सोडतील. त्यांना मी सगळं सांगितलं, परीक्षेचं, निकालाचं, ताटाचंही. ते म्हणाले, "व्हर्नेल, मला तेव्हा भूकच नव्हती." एवढंच. मग गाडीला तेल घालायला गेले.

फोन ठेवताना तू विचारलंस, "डॉक्टर एक म्हणाला आणि मी दुसरं म्हणाले तर तू कोणाचं ऐकशील?" मी म्हटलं, "तिकडे अजून बर्फ आहे का?" विषय बदलला. कारण 'तुझं' असं लिहायला काय लागतं, रेनिता, मी लिहू शकते. परीक्षेच्या सुरुवातीलाही मी 'दोन्ही सारखेच' असं लिहिलं होतं.

ममा


मिलवॉकी
६ मे

रेनिता,

तू आतल्या खोलीत झोपली आहेस, बाळ तुझ्याजवळ आहे, कर्ट दुकानात गेलाय. मी तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. एका घरात राहून पत्र लिहिणारी मी पहिली वेडी नसेन. हॉस्पिटलमधून आल्यापासून तू माझ्याशी दूध, डायपर आणि औषध यापलीकडे बोलली नाहीस. काल मात्र म्हणालीस, कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता, "तू 'हो, डॉक्टर' म्हणालीस. मी ऐकलं."

मी म्हटलं, "हो, म्हणाले." आणि टॉवेल घेऊन बाहेर आले.

आता सगळं लिहिते.

बाळ झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार होती. कर्ट खाली जेवण आणायला गेला होता. तू म्हणालीस डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे दिवे नाचतायत. सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणत होतीस. तो तरुण डॉक्टर आला, सोनेरी केसांचा, गोड बोलणारा. त्याने तुझ्या पायाकडच्या कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, पहिलं बाळंतपण आहे, झोप नाही, सगळं ठीक आहे. तू पुन्हा सांगितलंस. तेव्हा त्याने तुझ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "आजी, तुम्हीच समजवा हिला. जरा पडून राहू दे."

आणि मी हसले. "हो, डॉक्टर," म्हटलं. "थँक यू, डॉक्टर. फार काळजी घेता तुम्ही."

मी विचार करून म्हटलं नाही. विचार सुरू व्हायच्या आत ते गेलं होतं.

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. तो गेला. मी तुझं पांघरूण सारखं करत होते. तू वाद घालशील याची मी वाट बघत होते. लहानपणापासून माझ्या प्रत्येक शब्दाला तुझं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तू मला सोडून दिल्यासारखी पडून राहिलीस.

इथवर तू ऐकलंस. यापुढचं खोलीबाहेर झालं आणि नंतर तुला शुद्ध नव्हती, म्हणून ते मी सांगते.

मी बाहेर गेले. तो लांब पोचला होता. मला पळता येत नाही, तरी मी गेले आणि त्याच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. गोऱ्या माणसाला मी आयुष्यात असा हात लावला नव्हता. म्हटलं, "माझी लेक म्हणते डोकं फुटतंय. परत चला आणि तिला बघा."

तो म्हणाला, "मॅम, आताच आपण बोललो. तुम्ही हो म्हणालात."

मी म्हटलं, "ते सवयीने म्हटलं. ते धरू नका. ती म्हणते दुखतंय, म्हणजे दुखतंय."

त्याने बाही सोडवायचा प्रयत्न केला. समोरच्या टेबलामागच्या बाईने फोन उचलला आणि कोणाला तरी वर यायला सांगितलं. पहारेकऱ्याला असावं. मला ते ऐकू येत होतं आणि मी बाही सोडत नव्हते. मी तेच तेच म्हणत राहिले, ती म्हणते दुखतंय, परत चला. शेवटी मला गप्प करायला म्हणून एक नर्स तुझ्या खोलीत गेली, तुझं ब्लडप्रेशर घ्यायला. ती गेली चालत आणि बाहेर आली ओरडत. मग सगळेच पळाले. तो डॉक्टरही पळाला, बाही माझ्या हातातून निसटली. मी दारात पोचले तेव्हा तुझं अंग आकडीने थडाथडा उडत होतं आणि पाच-सहा माणसं तुझ्यावर वाकली होती.

मला काही वाटलं नाही, रेनिता. हे लिहायची लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरलंय ना आपलं. मी दाराला टेकून उभी होते आणि आतून कोरडीठक्क होते. त्याआधी, मी बाही धरून होते तेव्हाच, कर्ट जेवणाची पिशवी घेऊन वर आला होता. त्याने नंतर मला एक गोष्ट सांगितली. म्हणाला, "ममा व्हर्नेल, तुम्ही त्याला सोडत नव्हता आणि तुमच्या चेहऱ्यावर सगळा वेळ हसू होतं." मला ते माहीतच नव्हतं. ते हसू मी काढू शकले नाही. हात आपला धरून होता आणि तोंड आपलं हसत होतं.

तू अतिदक्षता विभागात होतीस तेव्हा कर्ट म्हणाला, ती उठली की मी तिला सांगतो तुम्ही काय केलंत. मी त्याला शपथ घातली, सांगायचं नाही. पुढचं कळलं असतं तर तू आधीचं 'हो' माफ करून टाकलं असतंस, घाईघाईने, माझ्या उपकाराखाली. मला ते नको होतं. ते 'हो' तुझ्या कानात पडलं आणि तू भिंतीकडे वळलीस, तेव्हा तुला जे वाटलं ते खोटं नव्हतं.

मग आता का लिहिते? पुढच्या सोमवारी तुला परत त्याच हॉस्पिटलात दाखवायला जायचंय. काल तू कर्टला हळूच विचारत होतीस की ममाला न्यायचं की घरी ठेवायचं. ते तू ठरव. पण ठरवताना तुला नीट माहिती असू दे, अर्धी नको.

माझं काही बदललेलं नाही. उद्या पुन्हा कोणी पांढरा कोट घालून आत आला तर माझ्या तोंडून आधी 'हो, डॉक्टर' हेच जाईल. मी कितीही ठरवलं तरी जाईल, ते माझ्याआधी पोचतं. त्याचं मला काही करता येईल असं या वयात वाटत नाही. पण त्याच्या मागून मी येते, हे मला त्या दिवशी कळलं. मलाही आधी माहीत नव्हतं.

म्हणून एवढंच मागणं आहे. मला नेलंस तर माझं 'हो' ऐकून भिंतीकडे वळू नकोस. माझ्याकडे बघ आणि पुन्हा एकदा सांग.

ममा